म्हाताऱ्या घोड्याला सोबत कोणाची?

घोडा किती वर्षे जगतो? साधारणपणे पंचवीस ते तीस वर्षे. इंग्लंडमध्ये कालव्यातील नावा ओढणारा 'ओल्ड बिली' नावाचा घोडा १७६० साली जन्मला व १८२२ साली मेला, म्हणजे ६२ वर्षे जगला, अशी नोंद आहे. त्याची कवटी मँचेस्टरच्या संग्रहालयात आहे. हा अर्थात अपवाद. पण आज चांगली निगा व औषधोपचार यांमुळे विशी ओलांडलेले पुष्कळ घोडे दिसतात. त्यांचे काम सुटलेले असते, आयुष्य मात्र शिल्लक असते.

ब्रिटनमध्ये स्वतःचे कुरण नसलेली माणसे आपला घोडा 'लिव्हरी यार्ड'मध्ये ठेवतात. ही घोड्यांची खाणावळच म्हणा ना! मालक दरमहा ठरलेले पैसे भरतो आणि कुरण, पाणी, निवारा यार्ड पुरवते. आपल्याकडच्या पांजरपोळासारखी ही धर्मादाय संस्था नव्हे. एकेका कुरणात निरनिराळ्या मालकांचे घोडे एकत्र चरतात. अशा ठिकाणी म्हाताऱ्या घोड्याला कोणाबरोबर सोडावे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

सोबत कशासाठी?

घोडा हा मोकळ्या माळावर कळपाने राहणारा आणि हिंस्र पशूंचे भक्ष्य असणारा प्राणी. घोडा उभ्याने झोपतो, असे तुम्ही ऐकले असेल. ते अर्धेच खरे आहे. त्याच्या पायांतील स्नायुबंध सांधे जखडून धरतात, त्यामुळे तो उभ्याने डुलकी काढू शकतो. परंतु ज्या झोपेत डोळ्यांची बुबुळे जलद हलतात, त्या 'रेम' झोपेत स्नायू पार सैल पडतात. तिच्यासाठी घोड्याला आडवे व्हावेच लागते. दिवसाकाठी अशी सुमारे अर्धा तास झोप त्याला पुरते. पण आडवा झालेला घोडा चटकन पळू शकत नाही. म्हणून जवळ कोणी जागे असले, तरच तो निर्धास्तपणे निजतो. एकटा किंवा सतत हुसकला जाणारा घोडा दिवसेंदिवस निजत नाही. मग उभ्यानेच झोप अनावर होते, गुडघे दुमडतात आणि पुढच्या पायांच्या सांध्यांवर समोरून जखमा होतात.

दुसरे कारण पाहा. दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांना मानेच्या बुडाशी दातांनी खाजवतात. १९९३ साली क्लॉडिया फे आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाने नेमक्या त्याच जागी खाजवले, तेव्हा घोड्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले. दुसऱ्या जागी खाजवले तेव्हा मंदावले नाहीत.

इंग्लंड व वेल्समध्ये २००६ साली झालेल्या प्राणिकल्याण कायद्यात प्राण्याच्या गरजांची यादी आहे. तीत एक गरज अशी : इतर प्राण्यांसोबत, किंवा त्यांच्यापासून दूर, ठेवले जाणे. यातील 'किंवा' महत्त्वाचा आहे.

म्हातारपणी काय बदलते?

कळपात मोठी मारामारी क्वचितच होते. एक घोडा कान मागे टाकतो, मागचा भाग वळवतो, दुसरा बाजूला सरकतो, भांडण मिटले! ही सारी व्यवस्था सरकणाऱ्याच्या चपळाईवर उभी आहे. सांधे आखडलेल्या घोड्याला इशारा समजतो, पण वेळेवर सरकता येत नाही. म्हणून तरुणपणी ज्या सोबत्याचा त्रास नव्हता, त्याचीच लाथ आता बसते.

दातांचेही तसेच. घोड्याच्या दाढेचा बराच भाग हिरडीखाली दडलेला असतो. दाढ दरवर्षी सुमारे २ ते ३ मिलिमीटर झिजते आणि तेवढीच वर सरकते. आता गणित करा : तरुण घोड्याची दाढ ७५ मिलिमीटर लांब आहे व ती वर्षाला २.५ मिलिमीटर झिजते, असे धरले तर ती किती वर्षे पुरेल? उत्तर येते ३०. दाढा संपत आल्या की गवत चावले जात नाही आणि अर्धवट चघळलेले बोळे तोंडातून गळून पडतात. अशा घोड्याला भिजवलेले मऊ खाद्य द्यावे लागते. ते तो सावकाश खातो, आणि तेवढ्यात सोबती येऊन फस्त करतो! म्हणून खाण्याच्या वेळी त्याला वेगळ्या आवारात घ्यावे.

सोबती कसा निवडावा?

तरुण घोडा खेळकर असतो. त्याचे चावणे आणि उधळणे म्हाताऱ्याला झेपत नाही.

शेटलँड पोनी ठेंगणा व बहुधा शांत. पण भरघोस गवतावर तो लवकर लठ्ठ होतो आणि खुरांच्या आतील थर सुजून लंगडतो. याउलट म्हाताऱ्याला भरपूर अन्न हवे असते. मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचा विकार म्हाताऱ्या घोड्यांत बराच आढळतो. तो असेल तर त्याच्याही खुरांना हाच धोका असतो. तेव्हा पशुवैद्याला विचारूनच कुरण ठरवावे.

गाढवाच्या फुप्फुसात एक प्रकारचे कृमी असू शकतात. गाढवाला त्यांचा फारसा त्रास होत नाही, पण सोबत चरणारा घोडा खोकू लागतो. म्हणून आधी तपासणी हवी. शिवाय गाढवाला खरी सोबत गाढवाचीच लागते.

मेंढ्या घोड्याच्या बहुतेक कृमींच्या अळ्या गवताबरोबर गिळतात व त्या अळ्या मेंढीच्या पोटात मरतात. कुरण स्वच्छ राहते, पण मेंढी मान खाजवून देत नाही.

म्हणून सर्वांत बरा तो साधारण त्याच वयाचा, शांत स्वभावाचा घोडा. शक्य तर तिघे एकत्र ठेवावेत, म्हणजे एक मेला तर उरलेला एकटा पडत नाही. यार्डात घोडे सारखे येत-जात असतात आणि प्रत्येक नव्या घोड्याबरोबर कळपातील मानपान पुन्हा ठरतात. निवृत्त घोड्यांचे कुरण या वर्दळीपासून वेगळे ठेवणे हिताचे.

ओळख करून देताना

१. नव्या घोड्याला दोन ते तीन आठवडे अलग ठेवावे, म्हणजे संसर्गजन्य रोग असल्यास कळेल.
२. मग शेजारच्या कुरणात सोडावे. मध्ये सुरक्षित कुंपण असावे. काटेरी तार नको.
३. एकत्र सोडण्यापूर्वी मागच्या पायांचे नाल काढावेत.
४. कुरण मोठे असावे. अडकून पडण्याजोगे कोपरे बंद करावेत.
५. घोडे तीन असतील तर गवताचे ढीग चार असावेत, तेही दूरदूर.
६. पहिले काही तास कोणीतरी लक्ष ठेवावे आणि नंतर रोज पाहावे : म्हातारा खातो का? आडवा होतो का? अंगावर नव्या जखमा आहेत का?

तुम्ही करून पाहा

गावातील गुरांचा किंवा शेळ्यांचा कळप सुरक्षित अंतरावरून एक तास पाहा. कोणत्याही जनावराच्या मागे उभे राहू नका. दर पाच मिनिटांनी प्रत्येक जनावराच्या सर्वांत जवळ कोण आहे ते वहीत लिहा. तासाभरात १२ नोंदी होतील. त्यांचा तक्ता करून पुढील प्रश्नांची उत्तरे शोधा :

१. कोणत्या जोड्या वारंवार एकत्र दिसल्या?
२. कोण कोणासाठी बाजूला सरकले?
३. कळपातील सर्वांत म्हाताऱ्या जनावराला पाण्यावर व चाऱ्यावर जागा मिळाली का? नसल्यास, मालकाने काय बदलावे असे तुम्ही सुचवाल?