रानातले बाळ

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या काठी प्राचीन मंदिरे आहेत. त्या परिसरात वानरांचे कळप नेहमी दृष्टीस पडतात. काळे तोंड, राखी अंग आणि अंगाहूनही लांब शेपूट असलेला हा प्राणी दिवसा वावरतो, पाने व फळे खातो आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर लांब झेप घेतो. वानर ठाऊक नाही असे मूल त्या जिल्ह्यात क्वचितच सापडेल. परंतु याच वानराचा एक दूरचा आप्त असा आहे की, तो ज्या अरण्यात राहतो तेथील लोकांनाही त्याचे दर्शन सहसा घडत नाही. त्याचे नाव लोरिस. बुलढाण्याच्या कोरड्या, पानझडीच्या जंगलात तो आढळत नाही. गोव्यापासून दक्षिणेकडे केरळापर्यंत सह्याद्रीच्या दाट, ओल्या अरण्यांत त्याची वस्ती आहे. दक्षिण भारतातील काही रुक्ष रानांतही त्याचे भाऊबंद राहतात.

लोरिसचे सारेच वानराच्या उलट! त्याला शेपूट नाही. वजन पाव किलोच्या आसपास. मोठ्या माणसाच्या ओंजळीत तो सहज मावेल. हातपाय काड्यांसारखे बारीक, पण डोळे चेहऱ्याच्या मानाने फारच मोठे आणि वाटोळे. त्या डोळ्यांच्या आत एक चकाकणारा पडदा असतो. अंधारात विजेरीचा झोत पडला की ते निखाऱ्यासारखे चमकतात. दिवसभर तो पानांच्या गर्दीत अंगाचा गोळा करून झोपतो आणि रात्री बाहेर पडतो. तो उडी मारीत नाही. एक फांदी घट्ट धरावी, मगच दुसरी सोडावी, अशी त्याची चाल. त्याच्या हातापायांतील रक्तवाहिन्यांची रचना अशी असते की, फांदी कितीही वेळ धरली तरी मूठ थकत नाही. मात्र किडा टप्प्यात येताच हाच संथ प्राणी चपळाईने हात पुढे करून त्यास पकडतो. मुंग्या, वाळवी, दुर्गंधी सोडणारे भुंगेरे, सारे त्याला चालते. पिलू काहीसे मोठे झाले की आई रात्री त्याला फांदीवर ठेवून भक्ष्याच्या शोधात जाते आणि नंतर येऊन घेऊन जाते.

या निरुपद्रवी जिवाला नावे मात्र विचित्र मिळाली. प्राचीन रोममध्ये मृतांच्या भटकणाऱ्या आत्म्यांना 'लेमुरेस' म्हणत. त्यांना घालवून देण्यासाठी घरधनी मध्यरात्री काळे घेवडे पाठीमागे फेकीत असे. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी 1754 मध्ये लोरिसला 'लेमुर' याच गटात घातले. रात्री संथ पावलांनी हिंडणारे, काहीसे माणसासारखे दिसणारे प्राणी म्हणून हे नाव त्यांनी योजले. पुढे 1796 मध्ये फ्रान्सचे प्राणिशास्त्रज्ञ झोफ्र्वा यांनी लोरिसचा गट वेगळा केला. 'लेमुर' हे नाव मादागास्कर बेटावरील त्याच्या नातलगांकडे राहिले. म्हणजे भुताचे नाव गेले, पण 'लोरिस' हा शब्दही विदूषक या अर्थाच्या जुन्या डच शब्दावरून आला असे मानतात. कर्नाटकातील लोक मात्र त्याला 'काडुपाप' म्हणतात. काडु म्हणजे रान आणि पाप म्हणजे बाळ. तिन्ही नावांत हे नाव अधिक शोभते, यात शंका नाही.

भुताची कल्पना केवळ रोममध्येच होती असे नाही. लोरिसच्या डोळ्यांत जादू असते, त्याच्या अवयवांनी रोग बरे होतात, अशा खुळ्या समजुतींपायी आपल्या देशातही त्याची हत्या होत आली आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे वा मारणे हा गुन्हा आहे. पण कायद्याला न दिसणारे एक संकटही आहे. रानातून रस्ता निघाला, मधली झाडे पडली, की वानर ते अंतर झेपेत ओलांडतो. लोरिसला फांदीला फांदी जुळलेली लागते. ती तुटली की त्याला जमिनीवर उतरावे लागते, आणि तेथे कुत्री असतात, वाहने असतात. कधी तो विजेच्या तारेलाच फांदी समजून धरतो.

तमिळनाडूत कडवूर येथे 2022 मध्ये केवळ लोरिससाठी भारतातील पहिले अभयारण्य घोषित झाले. करूर आणि दिंडिगल या दोन जिल्ह्यांत मिळून 11,806 हेक्टर रान त्यासाठी राखले आहे.