आरोपी स्त्री आणि न्यायाची भाषा : मानवत खटल्याच्या निमित्ताने

मागील घटकात आपण विशेषणांचे कार्य पाहिले. विशेषण नामाविषयी अधिक माहिती देते, असे व्याकरण सांगते. परंतु ते पुराव्याचीही जागा घेऊ शकते. त्यासाठी आपल्याच परभणी जिल्ह्यातील एक खटला अभ्यासू.

१४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात मानवत येथे दहा खून झाले. मृतांत सुमारे दहा वर्षांच्या मुली, एक तान्हे मूल आणि चार प्रौढ स्त्रिया होत्या. गुप्तधन व संततिप्राप्ती यांसाठी हे बळी दिले गेले, असा अभियोग पक्षाचा दावा होता. तपासात मुंबईचे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचा मोठा वाटा होता. प्रमुख आरोपी दोन होते : उत्तमराव बारहाते आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्या रुक्मिणी.

लोकांच्या तोंडी या स्त्रीची ओळख 'ठेवलेली बाई' अशी असे. 'ठेवलेली' हे कर्मणी अर्थाचे धातुसाधित विशेषण आहे. ठेवणारा कोणी वेगळाच. गंमत अशी की, व्याकरणात जिच्याकडे कर्तेपण नाही, तिलाच गावाने साऱ्या कटाची कर्ती ठरवले. मंत्रतंत्र करणारा पुरुष आपल्याकडे 'देवऋषी' ठरतो. स्त्री मात्र 'चेटकीण', 'डाकीण' होते.

परभणीच्या सत्र न्यायालयाने दोघांनाही दोषी ठरवले. उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम ठेवली. काही सहआरोपींची दोषसिद्धी मात्र टिकली. दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हा निवाडा आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना वाचावा लागतो, तो मुख्यतः माफीच्या साक्षीदाराविषयीच्या विवेचनासाठी. गुन्ह्यातील साथीदाराच्या साक्षीवरून झालेली शिक्षा तेव्हाच्या कायद्याने अवैध ठरत नव्हती. तथापि महत्त्वाच्या मुद्द्यांवर, आणि तेही त्या-त्या आरोपीला गुन्ह्याशी जोडणारा, स्वतंत्र दुजोरा असावा, अशी सावधगिरी न्यायालये पाळत असत. गुन्ह्याच्या अमानुषतेने ही गरज कमी होत नाही. 'बाई तशीच होती' हा असा दुजोरा होऊ शकत नाही.

ज्यूरीपुढे काय झाले असते, याचा तर्क करण्यात अर्थ नाही; १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थानच उरले नाही. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी पतीला निर्दोष ठरवले होते. पुढे उच्च न्यायालयाने तो कौल फिरवून जन्मठेप दिली. वृत्तपत्रांनी त्या नौदल अधिकाऱ्याला नायक करून ठेवले होते, एवढे लक्षात असू द्यावे.

आता कोल्हापूरचा खटला पाहा. मुलांचे अपहरण व खून यांसाठी रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना २००१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. येथे रेणुकाचा पतीच माफीचा साक्षीदार झाला होता. २००६ मध्ये शिक्षा कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, त्या स्त्रिया आहेत एवढे वगळता शिक्षा सौम्य करणारी कोणतीही परिस्थिती दिसत नाही. पुढे दयेच्या अर्जावरील दिरंगाईमुळे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली.

'वगळता' हे अव्यय नीट वाचा. न्यायालयाच्या वाक्यात स्त्रीत्व आरोपीच्या बाजूने मोजले गेले, जरी ते पुरेसे ठरले नाही. याच खटल्याविषयी लोक बोलत तेव्हा वाक्य असे : 'बाई असूनही हे केले!' येथे 'असूनही' हे विरोध दर्शवते आणि तेच स्त्रीत्व गुन्ह्याचे वजन वाढवते. 'पुरुष असूनही खून केला' असे वाक्य मी तीस वर्षांच्या अध्यापनात ऐकलेले नाही. व्याकरणदृष्ट्या ते शुद्ध आहे. समाजाला मात्र ते सुचत नाही. माझ्या मते दया आणि चीड या दोन्हींचा उगम एकाच गृहीतकात आहे : स्त्री म्हणजे आधी आई, मग व्यक्ती. न्यायालयाची दयाही त्यामुळे तपासून पाहण्याजोगी ठरते.

'आरोपी' हा शब्द मात्र दोन्ही लिंगांत सारखाच चालतो आणि दोषाविषयी काहीच सांगत नाही. वृत्तलेखनात तो शब्द किती ओळी टिकतो, हे मोजण्यासारखे आहे.

स्वाध्याय : स्त्री आरोपी असलेल्या खटल्याची मराठी दैनिकातील एक बातमी घ्या. तिच्यातील विशेषणे, नातेवाचक शब्द व 'असूनही'सारख्या रचना अधोरेखित करा. नंतर आरोपीच्या जागी पुरुष ठेवून ती बातमी पुन्हा लिहा आणि कोणते शब्द गळून पडले, ते दहा ओळींत नोंदवा.