रॉयलला निघालात ना, मग ऐका

सिडनीत नवीन आलात आणि पहिल्याच मोठ्या सुट्टीत मुलांना घेऊन रॉयल नॅशनल पार्कला निघालात, बरं वाटलं. सरकारने हे रान 1879 साली राखून ठेवलं. धरावल या मूळनिवासी लोकांचं ते त्याच्या हजारो वर्षं आधीपासूनचं घर. आपण पाहुणे, एवढं मुलांना गाडीतच सांगा.

सकाळी निघण्याआधी पार्कच्या सूचना बघा. जोराचा पाऊस झाला की हॅकिंग नदी ऑडलीच्या बंधाऱ्यावरून वाहू लागते आणि तिथला रस्ता बंद होतो. उन्हाळ्यात वणव्याचं भय. 1994 च्या आगीत जवळजवळ सगळं पार्क जळालं होतं. म्हणून तिथे चूल-शेगडी पेटवायचा बेत नको; दशम्या-चटणी घरूनच बांधून न्या, आणि पाणी भरपूर. वाटेत प्यायचं पाणी मिळेल या भरवशावर राहू नका.

क्रोनलाहून फेरीने बंडीनाला उतरा. तिथून जिबनच्या वाळूवरून चालत गेलं की खडकावर कोरलेली चित्रं लागतात: देवमासे, पाकट, कांगारू. भर दुपारी गेलात तर नुसता खडकच दिसेल. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उजेडात रेघा उठून येतात. नीट निरखलंत तर कळेल, आधी टोचून ओळीने खळगे पाडले आणि मग ते घासून एकमेकांना जोडले. किती सबुरीचं काम! वालुकाश्म लवकर झिजतो, तेव्हा फळ्यांच्या वाटेवरूनच बघा. पाय, खडू, पाणी, काहीही चित्राला लागता कामा नये. किनाऱ्यालगत शिंपल्यांचे जुने थर दिसतील. कित्येक पिढ्या तिथे जेवल्या, त्याची ती खूण. त्यातला एकही शिंपला मुलांच्या खिशात जाऊ देऊ नका.

वेडिंग केक रॉकचं कुंपण ओलांडायचं नाही, तो कडा खालून पोखरलेला आहे. फिगर एट पूल्स या किनाऱ्यावरच्या खडकातल्या डोहांचे फोटो बघून पोरं हट्ट धरतील. तिथे ओहोटीलाही अचानक लाट येऊन माणसं खडकावर फरफटली आहेत, जबर जखमी झाली आहेत. लाटांचा अंदाज बघितल्याशिवाय तिकडे फिरकू नका. गॅरीच्या किनाऱ्यावर समुद्रात उतरायचं तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच. झेंडे नसतील तर वाळूत खेळा.

परतीची शेवटची फेरी कधी, ते जातानाच विचारून ठेवा. आणि घरी आल्यावर आंघोळीआधी मुलांच्या कानामागे, केसांत, काखेत गोचीड लागलीय का ते बघा.