रुग्णाच्या वतीने कोण बोलणार?

रुग्णालयात दाखल होताना संमतिपत्रावर बहुधा जवळच्या नातेवाइकाची सही घेतली जाते. त्यामुळे नातेवाईक म्हणजेच रुग्णाचा प्रतिनिधी, असा आपला समज होतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र हे दोन शब्द एकच नव्हेत. त्यांतील भेद समजून घेणे, हा या पाठाचा उद्देश होय.

एक उदाहरण घेऊ. बेंगळुरूत राहणाऱ्या एका निवृत्त मराठी शिक्षिकेला मेंदूतील रक्तस्रावामुळे कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवले आहे. ती बरी होण्याची आशा उरलेली नाही. पुण्याहून आलेला मुलगा म्हणतो, ‘जे जे करता येईल ते करा.’ धारवाडची धाकटी बहीण म्हणते, ‘यंत्रावर जगायचे नाही, असे ताई मला कितीदा तरी म्हणाली होती.’ दोघांचेही प्रेम खरे आहे. डॉक्टरांनी कोणाचे ऐकावे?

रुग्ण सज्ञान असून निर्णय घेण्यास समर्थ असेल, तर निर्णय त्याचाच, हे पहिले तत्त्व होय. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असे प्रकरण आले, की तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले होते. जीव वाचविण्याची तातडी नव्हती आणि रुग्ण थोड्याच वेळात शुद्धीवर येणार होती. म्हणून आईची संमती न्यायालयाने ग्राह्य मानली नाही.

रुग्ण कायमचा बोलू शकत नसेल, तर प्रश्न अधिक बिकट होतो. अरुणा शानबाग या मूळच्या कर्नाटकातील हळदीपूरच्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका असताना २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि त्यानंतर त्या कधीच पूर्ण भानावर आल्या नाहीत. त्यांच्या वतीने लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळला. वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा करणारा रुग्णालयाचा कर्मचारीवर्ग हाच त्यांचा खरा हितचिंतक प्रतिनिधी होय, असे ठरविण्यात आले. आणि त्या वर्गाला त्यांचे जीवन हवे होते. १८ मे २०१५ रोजी शानबाग यांचे निधन झाले. त्यांच्या वतीने कोणी बोलावे, यावर न्यायालयात वाद झाला. परंतु त्या स्वतः काय म्हणाल्या असत्या, हे सांगणारा कागद कोणाजवळच नव्हता.

हा कागद कसा असावा, हे सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सांगितले आणि २०२३ मध्ये त्याची रीत सुलभ केली. त्याला ‘वैद्यकीय पूर्वनिर्देश’ म्हणता येईल. सज्ञान व सुबुद्ध व्यक्तीने तो स्वेच्छेने लिहावा, दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो साक्षांकित करून घ्यावा. त्यात एक वा अधिक विश्वासू व्यक्तींची नावे द्यावीत. लिहिणारा समर्थ असेपर्यंत तो केव्हाही लेखी रद्द करू शकतो.

हा निर्देश अमलात आणण्यापूर्वी रुग्णालयाचे प्राथमिक व नंतर दुय्यम वैद्यकीय मंडळ रुग्णाची तपासणी करते. नाव दिलेल्या व्यक्तीची संमती घेतली जाते आणि न्यायदंडाधिकाऱ्यास कळविले जाते. मंडळाने परवानगी नाकारल्यास उच्च न्यायालयात दाद मागता येते. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने परिपत्रक काढून ही पद्धती राज्यात लागू केली. त्यामुळे बेंगळुरूच्या रुग्णाला आता आपल्या रुग्णालयात या मंडळांविषयी विचारणा करता येते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. अनेकजण मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. परंतु १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, ते करून देणाऱ्याची बुद्धी विकल झाली की मुखत्यारीही संपते. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी तो कागद निरुपयोगी ठरतो. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पूर्वनिर्देश लिहिण्याचा व नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याचा स्वतंत्र हक्क दिला आहे.

आता त्या शिक्षिकेकडे पुन्हा वळू. तिने बहिणीला सांगितलेले मुलाला सांगितले नव्हते आणि कागदावरही उतरविले नव्हते. पूर्वनिर्देश नसला तरी वैद्यकीय मंडळांचा मार्ग खुला असतो. पण तेथेही आप्तांची संमती लागते आणि आप्तांत तर एकमत नाही. तिने वेळीच लिहून ठेवले असते, तर आईसाठी आपण काही करावयाचे राहून गेले, या अपराधी भावनेतून मुलगाही सुटला असता. प्रतिनिधी नेमणे म्हणजे आपला निर्णय दुसऱ्यावर सोपविणे नव्हे. आपला शब्द जपण्याची जबाबदारी त्याला देणे होय. म्हणून सही करण्यापूर्वी घरच्या सर्वांना एकत्र बसवून आपले मन सांगावे, हे उत्तम.