व्हिसा, मुक्काम आणि शेजारची हद्द : शीळफाट्याहून अमेरिकेत येणाऱ्यांसाठी

मुंब्रा, पनवेल, महापे आणि कल्याण ह्या चारही दिशांच्या वाटा ज्या शीळफाट्याच्या परिसरात एकमेकींना भेटतात, तेथून महाप्याच्या संगणक-कंपन्यांत नोकरीला जाता-जाता पुढे अमेरिकेत येऊन स्थिरावलेली आमच्यासारखी कुटुंबे न्यू जर्सीपासून डेट्रॉइटपर्यंत विखुरलेली आहेत. आणि मागाहून येणारा प्रत्येक नवागत आम्हांला जो प्रश्न हटकून विचारतो, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे, असे आम्ही चार-पाच घरांनी मिळून ठरवले. प्रश्न असा, की पासपोर्टावरच्या एच-१बी व्हिसाची मुदत संपली असता, मुंबईचा लांबचा प्रवास टाळून, शेजारच्या कॅनडातून किंवा मेक्सिकोतून नवा व्हिसा करून घेता येईल काय?

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. व्हिसा हा केवळ हद्दीवर येऊन प्रवेश मागण्याचा परवाना आहे. देशात किती दिवस राहावयाचे, ते आय-९४ नावाच्या नोंदीवरून ठरते. व्हिसा संपला तरी आय-९४ ची मुदत शाबूत असेल आणि नोकरी मंजुरीप्रमाणे चालू असेल, तर येथील वास्तव्याला बाध येत नाही. म्हणून नुसता शिक्का जुना झाला एवढ्यावरून घाबरून तिकिटे काढू नयेत. मात्र पासपोर्ट लवकर संपणारा असेल तर हद्दीवरचा अधिकारी आय-९४ ची तारीखही तेवढीच देतो, हे पुष्कळांना उशिरा उमगते. प्रत्येक प्रवेशानंतर ती तारीख त्याच दिवशी पाहावी.

शेजारच्या देशासंबंधी एक सवलत आहे आणि तिच्यातच एक पेच आहे. कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांपर्यंत जाऊन परतणाऱ्यास, आय-९४ चालू असल्यास, संपलेल्या व्हिसावरही आत घेतात. परंतु त्या मुक्कामात नव्या व्हिसासाठी अर्ज केला, की ही सवलत उरत नाही, आणि व्हिसा हाती पडेपर्यंत परतीची वाट बंद होते. २००२ पासून हा नियम असा आहे.

त्याचा अर्थ मला अनुभवाने कळला. काही वर्षांपूर्वी पत्नी आणि मुलीसह बफेलोचा पीस ब्रिज ओलांडून आम्ही नव्या व्हिसासाठी तीन दिवसांच्या बेताने कॅनडात गेलो. मुलाखत दोन मिनिटांत आटोपली. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट परत केले आणि सोबत एक कागद दिला, ज्यावर २२१(जी) ह्या कलमासमोर खूण होती : अधिक पडताळणी बाकी आहे. तीन दिवसांचे पाच आठवडे झाले. तेवढे दिवस मला बिनपगारी काढावे लागले, मुलीची शाळा बुडाली, आणि मिसिसागाच्या एका मराठी कुटुंबाने तळघरातली खोली उघडून दिली नसती, तर हॉटेलाचा खर्च आम्हांला पेलवला नसता. त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर मुलगी रोज संध्याकाळी गणिताची वही उघडून बसे आणि उद्या घरी जायचे का, असे विचारी. ते आठवले की अजूनही जीव कासावीस होतो.

आता तर ही वाट बहुतेकांना बंदच समजावी. ६ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने असा हुकूम काढला, की अशा व्हिसाचा अर्ज स्वतःच्या नागरिकत्वाच्या अथवा कायदेशीर वास्तव्याच्या देशातच करावा. अन्यत्र अर्ज केल्यास मंजुरी कठीण होईल आणि भरलेले शुल्क परत मिळणार नाही. हे शुल्क एच-१बीसाठी २०५ डॉलर आहे. कॅनडात कायम वास्तव्याचा हक्क असलेल्या मराठी अभियंत्यास तेथून अर्ज करता येतो, परंतु वास्तव्याचा पुरावा त्याला दाखवावा लागतो. शिवाय भारतीय पासपोर्टधारकास कॅनडात पाऊल ठेवण्यासाठीच कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, ही गोष्ट घाईत विसरली जाते.

तेव्हा मुंबई. वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीची तारीख मिळाल्याखेरीज विमानाचे तिकीट काढू नये. डिसेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ अर्जदारांनाही लागू झाली, तेव्हा भारतातल्या अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि सुट्टीवर गेलेली माणसे तिकडेच अडकली. म्हणून निघण्यापूर्वी मालकाशी रजेबद्दल लेखी ठरवून ठेवावे, घरभाड्याची तरतूद करावी, आणि मुलांना सोबत न्यावे की नाही ह्याचा शांतपणे विचार करावा.

कागदपत्रांत आय-७९७ ह्या मंजुरीपत्राची मूळ प्रत, अलीकडच्या पगारपावत्या आणि डीएस-१६० ह्या व्हिसा-अर्जाच्या पोचपावतीचा कागद असावा. नावाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव अशी तीन पदे असतात. विवाहानंतर स्त्रियांचे मधले नाव आणि आडनाव ही दोन्ही बहुधा बदलतात. आणि जुन्या गावांत जन्मलेल्यांचा जन्मदाखला ग्रामपंचायतीच्या दप्तरातला, तर शाळेचा दाखला निराळ्या नावाचा असतो. पासपोर्टात जे अक्षर आहे तेच अर्जात असावे. आमच्यातील एका वहिनींच्या विवाहाच्या दाखल्यात आडनावाचे एक अक्षर चुकले होते. ते दुरुस्त करून आणण्यासाठी सासऱ्यांना दोनदा कल्याणला खेपा घालाव्या लागल्या, आणि तोपर्यंत मुलाखतीची तारीख उलटून गेली. हे सारे दाखले मुंबईला निघण्याच्या निदान दोन महिने आधी घरच्या माणसांकडून फोटो मागवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत.