अंगणातील हिरवळ : गवताची निवड

घरापुढे व शाळेपुढे हिरवळ असावी अशी इच्छा बहुतेक शिक्षकांस होते, आणि ती योग्यच आहे. उघड्या मातीचे अंगण उन्हाळ्यात धुळीने भरते, पावसाळ्यात चिखलाने. शिवाय दरसाल मातीचा वरचा थर पाण्याबरोबर वाहून जातो तो वेगळाच. परंतु हिरवळ लावण्याचे पुष्कळसे प्रयत्न वैशाखापर्यंतच टिकतात. दोष निगेचा मानला जातो. वस्तुतः तो बहुधा निवडीचा असतो. रोपवाटिकेत जे गवत डोळ्यांस सुंदर दिसते ते आणले जाते, आणि तेथील जमीन, ऊन व पाणी त्यास मानवेल की नाही, हा प्रश्न मागाहून उभा राहतो.

प्रथम विचार करावा तो पाण्याचा. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. कडक उन्हात गवत हिरवे ठेवण्यास दिवसाकाठी ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका गुंठ्यास, म्हणजे सुमारे १०० चौरस मीटरांस, रोज ५०० लिटर पाणी हवे. १५ लिटरांच्या बादलीने मोजल्यास तेहतिसाहून अधिक बादल्या झाल्या. हे उदाहरण पाचवीच्या वर्गाकडून अवश्य करवून घ्यावे. ज्या गावी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील मुलांस त्या उत्तराचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. त्यातून नेमक्या त्याच दिवसांत शाळेस सुटी असते. पाणी असले तरी ते घालणारे हात नसतात.

म्हणून देशावरील उघड्या, उन्हाच्या अंगणास हरळीसारखे दुसरे गवत नाही. गणपतीस वाहतात ती दूर्वा हीच. हिची काही खोडे जमिनीवर सरपटतात, काही जमिनीखालून चालतात, आणि पेऱ्यापेऱ्याशी मुळे फुटतात. पाणी तुटले की पाने वाळून अंगण पिवळे पडते, पण खालची खोडे जिवंत राहतात व पहिल्या पावसाबरोबर पुन्हा अंकुरतात. मे महिन्यातील हा पिवळेपणा शिक्षकाने अपयश समजू नये. मुलांचे धावणे-खेळणेही हरळी चांगले सोसते. तिच्यासाठी पैसा खर्चण्याचे कारण नाही. बांधावर ती हवी तेवढी मिळते, आणि ती खणून नेणाऱ्यास शेतकरी अडवीत नाही, उलट दुवाच देतो.

या दुव्याचे कारण मात्र विसरू नये. शेतात हरळी माजली की ती काढता काढता कुणब्याची कंबर मोडते. अंगण शेताला लागून असेल तर मध्ये पायवाट अथवा चर ठेवावा आणि चरात उतरलेली खोडे वरचेवर काढून टाकावीत.

हरळीस सावली सोसत नाही. कडुनिंबाखाली वा वडाखाली ती विरळ होत जाते आणि खत घालूनही दाट होत नाही. कोकणात, जेथे पाऊस भरपूर व माती आम्लधर्मी असते, तेथे अशा सावलीत रुंद पानांचे कार्पेट गवत चांगले येते. हे गवत मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. ओलावा संपला की मात्र त्याचा टिकाव लागत नाही. देशावर झाडाखाली गवताचा हट्टच धरू नये. तेथे पार बांधावा किंवा जागा स्वच्छ झाडून ठेवावी. मुले बसावयास तीच पसंत करतात.

कोरियन गवत मखमलीसारखे दिसते खरे, पण ते फार सावकाश पसरते, तोवर मोकळ्या जागी तण माजते, आणि पुढे त्यास उंचवटे येतात. बारमाही पाणी असलेल्या घराच्या लहानशा तुकड्यास ते ठीक. खेळाच्या अंगणास नव्हे. परदेशी पुस्तकांतील चित्रांत दिसणारी राय, फेस्क्यू ही गवते थंड हवेची असून येथील उन्हाळ्यात ती तग धरीत नाहीत. कुसळी गवत तर अंगणात येताच उपटावे, कारण त्याची कुसळे कपड्यांत व कातडीत रुततात.

लागवड पावसाळ्याच्या आरंभी, दोनचार पाऊस पडून जमीन भिजल्यावर करावी. दगड-गोटे वेचून जमीन सारखी करावी, पाणी साचणार नाही इतका उतार द्यावा, आणि दोन-तीन पेऱ्यांचे हरळीचे तुकडे चार-चार बोटांच्या अंतरावर खोचून पायाने दाबावेत. मातीची भर घालावयाची असल्यास ती पाहून घ्यावी. शेतातील मातीबरोबर लव्हाळ्याच्या गाठी येतात आणि मग वर्षानुवर्षे जात नाहीत. लव्हाळा ओळखण्याची खूण मुलांस हातांनी शिकवावी. त्याची दांडी बोटांत फिरवून पाहिली असता तीन धारा लागतात. हरळीच्या कांडीस तशा धारा नसतात. उपटताना गाठीसकट उपटावा, नुसता वरून तोडल्यास तो पुन्हा फुटतो.

पहिली कापणी गवताने जमीन झाकल्यावर विळ्याने करावी. पुढे पावसाळाभर दर पंधरवड्यास थोडे थोडे कापीत गेल्यास हरळी आडवी पसरून दाट होते. कापलेले गवत गुरांस घालावे.