निर्वात बरणी आणि पावसाळ्याची बेगमी

मिसर देशांत योसेफानें सात वर्षांच्या सुकाळांतील धान्य पुढील सात वर्षांच्या दुष्काळासाठीं कोठारांत भरून ठेवविलें, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. मिसर देशाची हवा कोरडी. तेथें धान्य टिकविणें त्या मानानें सोपें. आपल्या केळशीची गोष्ट निराळी. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी, आणि पावसाळ्यांत पडणारा तीन हजार मिलिमीटरांच्या आसपासचा पाऊस! उन्हाळ्यांत घरोघर वाल, कुळीथ, तांदूळ उन्हांत पडतात. तरी श्रावणांत डबा उघडावा तों कडधान्यांत भुंगे व पिठांत जाळीं, हा अनुभव कोणत्या गृहिणीस नाहीं? वर्षाची बेगमी अशी वायां जाणें हें लहान संसारास मोठेंच नुकसान होय.

काचेच्या बरणींतील हवा हातपंपानें काढून तिचें तोंड बंद करण्याची एक रीत आतां घरगुती वापरांत आली आहे. तिचें शास्त्र काय व तिच्यावर कितपत विसंबावें, याचा येथें विचार करूं.

हवेंत शेंकडा २१ भाग प्राणवायु असतो. त्यावर कीड जगते, आणि त्याच्याच योगानें शेंगदाणे, सुकें खोबरें इत्यादि तेलकट पदार्थ खवट होतात. पांचांपैकीं चार भाग हवा काढिली, तर प्राणवायुहि एकपंचमांशच उरतो. किडीचीं अंडीं पुष्कळदां धान्याबरोबरच घरांत येतात. इतक्या अल्प प्राणवायूवर त्यांची वाढ खुंटते.

झाकण घट्ट बसतें तें बाहेरील हवेच्या दाबानें. समुद्रकांठीं हा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें १ किलोग्रॅम असतो. ७ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचें क्षेत्रफळ सुमारें ३८ चौरस सेंटिमीटर. चार पंचमांश हवा काढिल्यास त्यावर सुमारें ३० किलोग्रॅमांचा भार राहतो.

परंतु येथें एक भ्रम होण्याचा संभव आहे. बाटल्यांत अन्न भरून, बुचें घट्ट बसवून, त्या उकळत्या पाण्यांत ठेवण्याची कृति फ्रान्समध्यें निकोला आपेर यानें १८१० सालीं प्रसिद्ध केली. गे-ल्युसाक या थोर रसायनशास्त्रज्ञासहि वाटलें कीं, अन्न टिकतें तें प्राणवायु नसल्यामुळें. पुढें लुई पाश्चर याच्या १८६० नंतरच्या प्रयोगांवरून कळलें कीं, उष्णतेनें सूक्ष्म जंतु मरतात हेंच खरें कारण. पंपानें जंतु मरत नाहींत. इतकेंच नव्हे, तर मातींत आढळणारा बोटुलिनम नांवाचा जंतु हवेवांचूनच वाढतो. बेल्जियममध्यें १८९५ सालीं खारविलेलें डुकराचें मांस खाऊन कांहीं माणसें दगावलीं, तेव्हां व्हान एर्मेंगेम यानें तो शोधून काढिला. त्याचें विष प्राणघातक असून डोळ्यांस दिसत नाहीं. त्यास वाढण्यास ओलावा लागतो. म्हणून आपलें खरें रक्षण कोरडेपणांत आहे.

तेव्हां क्रम असा ठेवावा. प्रथम धान्य कडकडीत उन्हांत वाळवावें व पूर्ण निवूं द्यावें. दांताखालीं दाणा दबतां कामा नये, कट्‌कन फुटावा. तव्यावर भाजून निवविलेलें मीठ व मूठभर धान्य कोरड्या बाटलींत घालून कांहीं मिनिटें हालवावें. बाटलीस मीठ चिकटल्यास धान्य ओलें समजावें. न चिकटलें तरी दांताची परीक्षा सोडूं नये. मग बरणीची कड फुटकी नाहीं व झाकणाचें रबर अखंड आहे असें पाहून ती भरावी. पिठावर कागद ठेवावा, नाहीं तर पीठ पंपांत शिरतें. खाऱ्या हवेनें झाकण गंजतें, म्हणून तें दर महिन्यास पाहावें. ओलें खोबरें, अर्धवट सुकलेली फणसपोळी, दमट सुकट, सोललेली लसूण हे पदार्थ अशा बरणींत कदापि भरूं नयेत.

विद्यार्थ्यांनीं मिठाची परीक्षा घरीं वडील मंडळींसमोर करून पाहावी. अंगणांत उन्हांत बसून धान्य वाळविणाऱ्या आपल्या आयांचें काम कोणताहि पंप करूं शकत नाहीं. त्यांच्या श्रमांचें फळ आश्विनापर्यंत राखण्यास मात्र तो साहाय्य करील.